मागचं डावं दार

बडोदे,
ता. १६ जानेवारी १९३४

दादा,

मायना आणि ख्यालीखुशाली शेवटी लिहीन. आधी कामाचं सांगते, कारण मथुराबाई टपालात पत्र टाकायला पदर खोचून उभी आहे.

काल भर मांडवीत आमच्या मोटारीचं मागचं डावं दार उघडलं. सासूबाई, मी आणि मथुराबाई अशा तिघी मागे होतो, शाळेतून परत येत होतो. धनाजीरावांनी मांडवीला वळण घेतलं आणि दार आपोआप उघडून बाहेर लोंबायला लागलं. दाराबरोबर त्याच्यावरचा पडदाही गेला. वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, निम्मं शहर रस्त्यावर पतंगाची दोरी गुंडाळत उभं. त्या सगळ्यांनी मानकऱ्यांच्या घरच्या बायका डोळे भरून पाहिल्या. मथुराबाईने एका हाताने सासूबाईंना धरलं आणि दुसऱ्या हाताने दार ओढलं म्हणून सासूबाई खाली आल्या नाहीत. पण घरी कुणी पडण्याबद्दल विचारलंच नाही. दिसलात का, एवढंच विचारलं.

मामंजींनी कारखान्यातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने पागेत उभ्या मोटारीचं दार पुन्हा पुन्हा उघडलं, लावलं. दर वेळी खटकन लागलं. शेवटी म्हणाला, "साहेब, बारणुं बराबर छे. बाईओने वासतां नथी आवडतुं." म्हणजे दार ठीक आहे, बायकांना लावायची अक्कल नाही. मामंजींनी ते ऐकून घेतलं आणि हुकूम सोडला, की हे दार कायमचं नीट झाल्याशिवाय घरातल्या बायकांनी मोटारीत पाय ठेवायचा नाही. टांग्याचं तर नावच नको, तो आमच्या घराण्याला चालत नाही.

म्हणजे माझी शाळा बंद. मॅट्रिकची परीक्षा मार्चात आहे. उन्हाळा संपला की तुझे मेहुणे मला त्यांच्या पलटणीच्या गावी, द्वारकेला नेणार, आणि तिथे माझ्यासाठी कुणी शाळा उघडून बसलेलं नाही. या मार्चात बसले तर बसले, नाहीतर जन्मात नाही. मला पास व्हायचंय दादा. कशाला म्हणून विचारू नकोस, मला हवंय म्हणून.

मोटार तीच, माझ्या लग्नात तू पाहिलेली. मधे छाणीच्या रस्त्यावर ती बैलगाडीवर आदळली आणि कारखान्याने ती कशीबशी सरळ केली. तेव्हापासून तिचं बॉनेट एका बाजूला वर, पुढचं मडगार्ड खाली, आणि चारही दारं चार दिशांना. तू दिवसभर असलेच वाकडे पत्रे जागेवर आणतोस. मला नीट समजावून लिही, मी करवून घेते. फक्त तू स्वतः येऊ नकोस. कारण नंतर सांगेन.

तुझी,
कौशल्या

मायना राहिलाच. तो असल्याचं समज.


मुंबई,
ता. २० जानेवारी १९३४

कौसा,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग सासूबाई पडल्या असत्या हे लक्षात आल्यावर हसू आवरलं.

आता नीट ऐक. मोटारीचं अंग म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर पत्रा ठोकलेला. तो सांगाडा खाली लोखंडी चासीवर बोल्टांनी बसवलेला असतो, आणि लाकूड व लोखंड यांच्यामधे जागोजागी पट्ट्या घालतात, कुठे चामड्याच्या, कुठे लाकडाच्या. त्या पट्ट्यांवर सगळी मदार. दार वाकडं दिसलं म्हणजे दारच वाकडं असतं असं नाही. बहुतेक वेळा दार बिचारं सरळ असतं, चौकट हललेली असते. कारखान्यातला माणूस दारच ठोकत बसतो, कारण ते समोर दिसतं.

तर बॉनेटला हात लावायचा नाही. ते सगळ्यांत जास्त डोळ्यात खुपतं, म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात आणि फसतात. मागून पुढे यायचं. आधी मागची दारं, मग पुढची, मग मडगार्ड, आणि बॉनेट सर्वांत शेवटी. मोटार सपाट फरशीवर उभी कर, चाकांतली हवा सारखी असू दे. दाराभोवतीच्या फटीत दुमडलेलं पोस्टकार्ड सरकवून बघ. वरपासून खालपर्यंत सारखं सरकलं पाहिजे. जिथे अडेल किंवा सैल पडेल तिथलं मला कळव. रेल्वे पार्सलने बिजागऱ्यांच्या नव्या खिळी आणि चामड्याच्या पट्ट्या धाडल्या आहेत. खिळी झिजल्या असतील तर दार खाली झुकतं, कडीची खिटी खाचेत नीट बसत नाही, आणि वळणावर निसटतं. मला तोच संशय आहे.

हातोडी कुणाच्याही हाती देऊ नकोस. बोल्ट सैल करा, पट्टी सरकवा, बोल्ट आवळा, एवढंच.

आणि मी येऊ नको म्हणजे काय? शनिवारी गाडीत बसलो तर रविवारी सकाळी तुझ्या दारात. एका दिवसाचं काम आहे. कारण लिही.

तुझा,
जयवंत


बडोदे,
ता. ३ फेब्रुवारी १९३४

दादा,

तू सांगितलंस तसं सगळं केलं आणि तोंडावर आपटलो.

कसं केलं ते आधी सांगते. दुपारी मामंजी कचेरीत गेले की मी पागेतल्या कनातीच्या आड उभी राहायचे. धनाजीराव मोटारीपाशी. आमच्या घरी ड्रायव्हरशी सुनेने बोलायची रीत नाही, आणि सासूबाईंनी तर कधीच नाही. म्हणून मी तुझ्या पत्रातलं वाक्य हळूच मथुराबाईला सांगायचे, ती मोठ्याने धनाजीरावांना सांगायची, ते फरशीकडे बघत "जी, ताईसाहेब" म्हणायचे, आणि तेच उत्तर मथुराबाई मला परत सांगायची, जणू काही मी बहिरी आहे. माझ्या लग्नाच्या आधीपासून ते या घरी आहेत, त्यांचे वडील आजेसासऱ्यांच्या पथकात होते, आणि मला अजून त्यांचा चेहरा धड माहीत नाही. असो. माणूस कामाचा आहे.

खिळी खरंच झिजलेल्या होत्या. नव्या घातल्या. मधल्या बोल्टांखाली पट्ट्या घातल्या. पोस्टकार्ड वरपासून खालपर्यंत लोण्यासारखं सरकलं. दार एका बोटाने लावलं तरी लागायचं. धनाजीरावांनी रिकामी मोटार समा गावापर्यंत नेली, खड्ड्यांतून नेली, मांडवीला मुद्दाम वेगात वळवली. दार हललं नाही. "हां, आता बराबर बसलं," म्हणाले. मामंजींनी स्वतः दार ओढून पाहिलं आणि मंगळवारपासून शाळेला जायची परवानगी दिली. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मंगळवारी तिघी बसलो. मांडवीपाशी पुन्हा उघडलं.

या वेळी पडदा मी हाताने धरून ठेवला होता म्हणून फारसं कुणाला काही दिसलं नाही. पण मामंजींना सांगावं लागलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "धनाजी नेतो तेव्हा लागतं. मिस्त्री लावतो तेव्हा लागतं. मग दोष कुणाचा?" आणि मथुराबाईकडे पाहिलं. ती बिचारी तेव्हापासून रडते आहे. दार तीच लावते ना. आता मोटार बंद ती बंदच, असं सांगून झालंय.

मी अजून हरलेली नाही. घरी पुस्तकं उघडून बसते. पण गणित मला एकटीला येत नाही. काय करायचं ते लिही.

कौशल्या


मुंबई,
ता. ७ फेब्रुवारी १९३४

कौसा,

खिळी नव्या, पट्ट्या बरोबर, पोस्टकार्ड सरकतंय, मग दार उघडायला नको. इथे कारखान्यात चार जणांना विचारलं. सगळ्यांचं एकच म्हणणं.

राग मानू नकोस, पण मथुराबाई हँडल पूर्ण फिरवते का? पुष्कळदा बायकांना वाटतं, दार टेकलं म्हणजे लागलं. किंवा ती आपटत असेल, आपटल्यावर खिटी उसळून परत मागे येते. तिला एकदा समोर उभी करून दार लावायला शिकव.

आणि हे पत्रापत्रीचं पुरे. मी येत्या शनिवारी निघतो. हत्यारं घेऊन येतो. तू नको म्हणालीस त्याचं कारण अजून कळवलेलं नाहीस, तेव्हा ते फारसं महत्त्वाचं नसावं.

जयवंत


बडोदे,
ता. ९ फेब्रुवारी १९३४

दादा,

तू निघू नकोस. हे पत्र शनिवारी तू गाडीत बसायच्या आत मिळावं म्हणून धावपळ करून टाकते आहे.

कारण ऐक आणि मग हवं तितकं रागाव. माझं लग्न ठरताना आणि नंतरही, मी इथे सांगितलंय की माझा भाऊ मुंबईला मोटार कंपनीत साहेब आहे. टेबलखुर्ची आहे, पंखा आहे, असंसुद्धा सांगितलंय. तू हातोडी-पाने घेऊन पागेत मोटारीखाली शिरलास तर मामंजी काय म्हणतील ते मला माहीत आहे. बाबा रिसालदार होते एवढ्यावर त्यांनी मला सून करून घेतली. आधीच माझ्या परीक्षेवरून घरात कुरबुर आहे, त्यात ही भर नको. तुझ्या कामाची मला लाज वाटते का? वाटली होती, तेव्हा. आता दार बिघडल्यावर कळतंय काय ते.

पण तूही शेवटी त्या मिस्त्रीसारखंच लिहिलंस. बायकांना दार लावता येत नाही. मी मथुराबाईला पागेत नेऊन माझ्या डोळ्यांदेखत दार लावायला लावलं. हँडल पूर्ण फिरवते, आपटत नाही, तुझ्यापेक्षा हलक्या हाताने लावते. तेव्हा ही शंका डोक्यातून काढ.

आता एक बघ. त्या मंगळवारी जाताना मी गणिताचं पुस्तक मांडीवर उघडलं होतं. पडदे लावलेले असले की आत अंधार असतो. पण या खेपेला पानावर उन्हाची एक पट्टी पडली होती, दाराच्या वरच्या कडेतून आलेली. मी तिच्याच उजेडात आकडे वाचत होते. आणि मला आत्ता सुचतंय, की पागेत तर त्या कडेत पोस्टकार्डसुद्धा मुश्किलीने जात होतं. मग ऊन कुठून आलं?

आणि दुसरी गोष्ट. मोटार देवडीपाशी आणली की धनाजीराव उतरून भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. आम्ही कनातीतून आत बसतो, मथुराबाई दार लावते, आतून काचेवर टकटक करते, मग ते येऊन पुढे बसतात आणि मागे वळून न बघता मोटार हाकतात. मिस्त्रीने मोटार पाहिली ती रिकामी. मामंजींनी पाहिली ती रिकामी. आम्ही आत बसल्यावर ते दार कसं दिसतं, हे आजवर एकाही पुरुषाने पाहिलेलं नाही.

कौशल्या


मुंबई,
ता. १२ फेब्रुवारी १९३४

कौसा,

तिकीट काढलं नव्हतं, म्हणून येणं रद्द केलं.

टेबल, खुर्ची आणि पंखा. पंखा तरी कशाला घातलास? इथे भट्टीशेजारी उभं राहून तुझं पत्र वाचलं. माझ्या हाताला घट्टे आहेत आणि त्या हातांनी बाबांच्या मागे घर चालवलं, तुझं लग्न केलं, यात मला कमीपणा वाटत नाही. तुला वाटला याचं वाईट वाटलं. एवढं बोलतो आणि तो विषय मिटवतो, कारण पुढची गोष्ट त्याहून मोठी आहे.

तू पकडलंस. मी इतकी वर्षं हे काम करतो आणि मला सुचलं नाही. बैलगाडीवर आदळली तेव्हा मागच्या बोल्टांखालच्या पट्ट्या निखळून पडल्या असणार आणि कारखान्याने त्या परत घातल्याच नाहीत. मोटार रिकामी असते तेव्हा सांगाडा आपल्याच ताठपणावर मागच्या बाजूला जरासा अधांतरी उभा असतो, सगळं सरळ दिसतं. तुम्ही बसलात की मागचा भाग खाली चासीवर टेकतो. दाराची मागची चौकट मागे कलते, वर फट पडते, खिटीची पकड निम्मी राहते. वळणावर निसटायला तेवढं पुरे. मथुराबाईची माझ्यातर्फे माफी माग.

आता उपाय सोपा आहे. मोटारीवर वजन असतानाच मागच्या पट्ट्या बसवायच्या. बायका बसवून काम करणं तुमच्याकडे जमायचं नाही, म्हणून धान्याची पोती ठेवा. तीन माणसांची तीन पोती, मागच्या बैठकीवर ओळीने. वजन टाकल्यावर मागे लाकूड आणि लोखंड यांत जिथे जिथे अंतर असेल तिथे पट्टी घालायची, मग दाराची फट बघायची, मग बोल्ट आवळायचे. पोती काढली तरी नंतर काही बिघडत नाही.

जयवंत


बडोदे,
ता. २४ फेब्रुवारी १९३४

दादा,

पादरा गावच्या शेतातून आमची तूर आली होती. तिची तीन पोती मोटारीत बसवली. मथुराबाईने त्यांच्या डोक्यावर पदर घालायचाच काय तो बाकी ठेवला. धनाजीराव खाली शिरले आणि लगेच म्हणाले, "ताईसाहेबांना सांगा, मागे दोन्हीकडे बोट जातंय." तू म्हणालास तसंच होतं. पट्ट्या घातल्या, दार सरळ केलं, बोल्ट आवळले. पोती असताना लागलं, पोती काढल्यावरही लागलं.

या वेळी मी मामंजींकडे गेले नाही. धनाजीरावांना जेवायला पाठवलं, सासूबाईंना आणि मथुराबाईला पागेतच मोटारीत बसवलं, आणि मी बाहेरून दार धरून हलवलं. वरच्या कडेला फट. आधीपेक्षा कमी, पण होतीच. दुसऱ्यांदा जोरात हलवल्यावर खिटी सुटली.

सासूबाईंनी पोत्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला तेव्हाच कळलं काय चुकलं ते.

मी तुला तीन माणसं लिहिलं होतं. दादा, मी आणि मथुराबाई म्हणजे वाळल्या काड्या. सासूबाई आमच्या दोघींच्या बेरजेहून जास्त भरतात. आणि त्या नेहमी डाव्या कोपऱ्यात, दाराला टेकून बसतात, कारण चढणं-उतरणं तिथून सोपं पडतं. सगळं ओझं त्या एका कोपऱ्यावर. सासूबाईंच्या वजनाबद्दल माहेरी पत्रातून लिहायचं, हे माझ्या हातून झालं नाही. आणि धनाजीरावांना सांगायचं तरी कसं? मथुराबाईकरवी, की आईसाहेबांसाठी दोन पोती ठेवा आणि तीही डावीकडे? ती म्हणाली, जीभ झडली तरी चालेल पण हे मी बोलणार नाही.

परीक्षा बारा तारखेला आहे. तू सांग, डावीकडे नेमकी किती पोती ठेवू?

कौशल्या


मुंबई,
ता. २७ फेब्रुवारी १९३४

कौसा,

पोती नकोत. पोतं पसरतं, माणूस बसतो, टेकतो, वळणावर कलतो. जी माणसं त्या मोटारीतून जाणार आहेत त्यांनाच बसव, ज्या जागी बसतात त्याच जागी. आणि बोल्ट आवळणाऱ्याला दार दिसलं पाहिजे. तिसरा मार्ग मला माहीत नाही.

सासूबाईंना विचार. तुला वाटतात तेवढ्या कडक त्या मला वाटत नाहीत. कडक बाई तुझ्याबरोबर रोज शाळेत कशाला आली असती?

जयवंत


बडोदे,
ता. ५ मार्च १९३४

दादा,

विचारलं. पाय धरून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मला कशाला विचारतेस? मला नुसतं बसायचं तर आहे." आणि पागेकडे चालायला लागल्या.

मग पडदे लावून तिघी मोटारीत बसलो आणि धनाजीराव बाहेर. मी आतून फट बघून मथुराबाईला सांगायचे, ती पडद्याला तोंड लावून बाहेर सांगायची. "ताईसाहेब म्हणतात, वर अंगठा जातो." बाहेरून प्रश्न, "पुढच्या बाजूला की मागच्या?" मथुराबाई मला विचारणार, मी सांगणार, ती बाहेर सांगणार. तोवर ते दुसराच बोल्ट सैल करून मोकळे. आत उकडून जीव नकोसा झाला. पट्टी घातली, काढली, पुन्हा घातली. एकदा तर मथुराबाईने डावं-उजवं उलटं सांगितलं आणि चांगली बसलेली बाजू पुन्हा उचकटावी लागली. मला रडू यायच्या बेतात होतं, पण मी रडणार नव्हते.

सासूबाईंनी हात वर केला आणि पडदा बाजूला सारला.

"धनाजीराव, मथुरेच्या तोंडून दार बसायचं नाही. इकडे या."

धनाजीराव तिथेच थिजले. मग त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. सासूबाई म्हणाल्या, "डोळे मिटून पाना कसा धराल? मी तुमच्या आईच्या वयाची नसेन, पण थोरल्या बहिणीच्या वयाची खास आहे. बघा इकडे. मी बसले, हे बोट आत गेलं. आता उठते. गेलं का? नाही ना? पुन्हा बसते."

असं त्या उठल्या आणि बसल्या, उठल्या आणि बसल्या. धनाजीरावांनी आधी नुसती फट बघितली. मग खाली वाकून चासी बघितली. मग म्हणाले, "आईसाहेब, हे एवढंच आधी कुणी दाखवलं असतं तर पहिल्या दिवशी झालं असतं." सासूबाई म्हणाल्या, "दाखवणार कोण होतं?"

त्यानंतर ते सरळ मला विचारायला लागले आणि मी सरळ सांगायला लागले. मथुराबाई मधे मोकळी बसली आणि पहिल्यांदा तिला करायला काही उरलं नाही. डाव्या कोपऱ्याखाली उजव्यापेक्षा जाड पट्टी लागली. सासूबाई दाराला टेकून बसल्या असताना पोस्टकार्ड सगळीकडून सारखं सरकलं. मी उतरून दार धरून सगळा जोर लावला. नाही सुटलं.

हात धुताना सासूबाईंनी विचारलं, हे सगळं तुला कोण शिकवतं? मी सांगून टाकलं. म्हटलं, माझे दादा. ते साहेब नाहीत, कारखान्यात मोटारींचे पत्रे बसवतात. त्यांनी विचारलं, मग साहेब का सांगितलंस? म्हटलं, लाज वाटली. तर म्हणाल्या, "भावाची की आमची?" मी त्यांच्या हातावर पाणी घालत राहिले.

रात्री मामंजींच्या पानात वाढताना सासूबाईंनी सगळं सांगितलं. दार कसं बसलं, धनाजीरावांशी आपण स्वतः कसं बोललो, तुझं काम काय आहे, काही म्हणता काही लपवलं नाही. मी दाराआड उभी होते. मामंजींनी हातातला घास खाली ठेवला आणि पानावरून उठले. तेव्हापासून ते घरात कुणाशीच बोललेले नाहीत. मोटार बंदचा हुकूम त्यांनी अजून मागे घेतलेला नाही, आणि तो मागायला जायची कुणाची छाती नाही. परीक्षेला आठवडा राहिला.

मी अभ्यास करते आहे. दार बसलंय. माझ्या हातात होतं ते मी केलं.

कौशल्या


मुंबई,
ता. ८ मार्च १९३४

कौसा,

मामंजींनी मोटार नाही दिली तर पायी जा. मांडवीवरून, डोक्यावर पदर घेऊन, सगळ्यांच्या समोरून. मी लग्न लावून दिलं तेव्हा तुला गप्प बसायला सांगितलं होतं, ते मी परत घेतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आणि डावीकडची जाड पट्टी कशाची घातलीत? चामड्याची असेल तर पावसाळ्यानंतर दबेल, लाकडाची घालायला सांग.

जयवंत


बडोदे,
ता. १२ मार्च १९३४

दादा,

लाकडाचीच आहे. शिसवाची. धनाजीरावांनीच आणली.

आज सकाळी मी पायी जायच्याच तयारीने निघाले होते. नऊवारी आवरून, पदर घेऊन, पेन्सिली रुमालात बांधून देवडीपाशी आले तर मोटार उभी. धनाजीराव भिंतीकडे तोंड करून, नेहमीसारखे. सासूबाई आणि मथुराबाई आधीच आत बसलेल्या, सासूबाई डाव्या कोपऱ्यात. आणि मामंजी अंगात अंगरखा, डोक्यावर पगडी घालून पुढे ड्रायव्हरशेजारी. दादा, ते जन्मात कधी पुढे बसलेले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा. मला बघायचंय."

मोटार निघाली तसे ते अर्धे मागे वळून बसले आणि त्यांनी दारावर नजर रोखली. आम्ही तिघी पडद्याच्या आत, आणि समोरून हे दाराकडे टक लावून बघताहेत. पुस्तक उघडायची माझी हिंमत झाली नाही. मांडवी आली. धनाजीरावांनी वेग कमी केला. मामंजी म्हणाले, "नेहमीसारखं घ्या." त्यांनी नेहमीसारखं घेतलं. सासूबाई वळणावर दाराकडे कलल्या, त्यांनी आधार म्हणूनसुद्धा काही धरलं नाही. दार लागलेलं होतं, लागलेलंच राहिलं. पुढे सूरसागर तलावापर्यंत मामंजी सरळ बसले नाहीत.

परीक्षेच्या जागी फाटकापाशी गर्दी होती. टांगे, सायकली, मुली, मुलींचे बाप, पाद्र्यांच्या मिशन शाळेतून आलेल्या बाया. आमच्याकडे अशा वेळी मोटार आडबाजूला घेतात, धनाजीराव झाडाखाली जातात, मग मथुराबाई आधी उतरून कनात धरते. मी तिला खूण केली. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. मामंजी खाली उतरले, मोटारीला वळसा घालून आमच्या बाजूला आले आणि मागच्या डाव्या दाराच्या हँडलवर त्यांनी स्वतः हात ठेवला.

ते सहज उघडेना, इतकं घट्ट बसलंय. त्यांना दोन्ही हात लावावे लागले. सगळं फाटक बघत होतं. दार उघडलं, पडदा दाराबरोबर बाहेर गेला, तिघी उघड्यावर. सासूबाई पदर पुढे ओढत हळूच म्हणाल्या, "अहो, लोक बघताहेत."

"दाराकडे बघत असतील," मामंजी म्हणाले. "चांगलं बसवलंय सूनबाईंनी. उतरा, पेपर सुरू होईल."

ते दार धरून उभे होते. मी त्यांच्या समोरून उतरले आणि आत गेले.

तुझी,
कौशल्या